जीभ भाड्याने देणे आहे

मित्रांनो, शिव्या द्यायच्या आधी मी माझा गुन्हा कबूल करतो. मी भाषणं विकली. एक नाही, तीन. तिसरं विकलं ते 14 एप्रिलचं. बाबासाहेबांच्या जयंतीचं भाषण मी पैसे घेऊन लिहून दिलं, आणि ते दुसऱ्या माणसाने आमच्याच वस्तीत, आमच्याच विहारापुढं, आपलं म्हणून ठोकलं.

मी चिंचोलीच्या एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. ठेकेदाराचा माणूस. शाळा आठवीत सुटली. पुढचं जे काय वाचलं ते रात्रपाळीहून आल्यावर, कानात मशीन घुमत असताना. कविता लिहितो हे या अंकाच्या वाचकांना ठाऊक आहे, गिरणीत कुणाला ठाऊक नव्हतं. पण आपल्यातल्याच एकाने ते मोहोळातल्या एका पुढाऱ्याच्या कानावर घातलं. पुढारी आपल्याच समाजातला. मोहोळ विधानसभा 2009 पासून राखीव आहे. 2024 पर्यंत चार निवडणुका झाल्या आणि चार वेगळे आमदार झाले: 2009 ला लक्ष्मण ढोबळे, 2014 ला रमेश कदम, 2019 ला यशवंत माने, 2024 ला राजू खरे. आमच्या या पुढाऱ्याचा नंबर कधीच लागला नाही. तो तिकिटाच्या रांगेतला. रांगेत उभं राहणाऱ्याला भाषण लागतं. त्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लेख त्याच्यावर होईल. लेख माझ्यावर आहे, आणि उद्या तुमच्यावर येणार आहे.

एका भाषणाला 3000 रुपये. गिरणीत तेवढ्यासाठी आठवडा उभं राहावं लागतं. मी लिहिलं. जीव ओतून लिहिलं, कारण विषय बाबासाहेब होते. महाड आलं, येवला आलं, दीक्षाभूमी आली, आणि शेवटी आमच्या वस्तीच्या मसणवाटीचा एक परिच्छेद आला. तो मी मागितला नसताना लिहिला. आपोआप उतरला.

हायवेच्या कडेला एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. तिथं पुण्याहून आलेला एक पोरगा बसला होता. माझ्याच वयाचा. कुठल्याशा कंपनीचा. त्याच्या पाटीवर लिहिलं होतं ‘कम्युनिकेशन’. त्याने माझं भाषण मोबाईलवर वाचलं आणि म्हणाला, ‘‘दादा, इमोशन एक नंबर आहे. फक्त हा शेवटचा लोकल इश्यू काढू या. त्याने दुसरा समाज दुखावतो. पॉझिटिव्ह ठेवू.’’

पुढारी काही बोलला नाही. माझ्याकडं बघितलं फक्त. आणि मी तो परिच्छेद काढला. त्या पोराने नाही काढला, पुढाऱ्याने नाही काढला. मी काढला, माझ्या हाताने. 3000 रुपये खिशात होते.

14 तारखेला आई पहिल्या रांगेत बसलेली. निळी किनार असलेली पांढरी साडी. पुढारी बोलत होता आणि आई टाळ्या वाजवत होती. माझ्या प्रत्येक वाक्याला. तिला ठाऊक नव्हतं वाक्य कुणाचं ते. रात्री भाकरी थापताना म्हणाली, ‘‘लई खरं बोलला बग त्यो. समदं बोलला. पर आपल्या मसणवाटीचं काय बोलला न्हाई. बोलाया पायजे हुतं. तुझ्या बापाला कसं नेलं, त्येनं बी बघितलंय की.’’

मला घास गिळला नाही. तेव्हापासून हा लेख डोक्यात आहे.

आता धंद्याकडं येतो. माझ्यासारखा 3000 वाला हा या धंद्यातला सगळ्यात खालचा माणूस. वर मोठमोठी माणसं आहेत. त्यांना सल्लागार म्हणतात, रणनीतीकार म्हणतात. त्यांची कारकीर्द असते.

अशी एक कारकीर्द आपल्या सीमेवरची आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचे सुधींद्र कुलकर्णी. मुंबईच्या आयआयटीत शिकले. तरुणपणी मार्क्सवादी. पत्रकारिता केली, करंजियांच्या ‘ब्लिट्झ’मध्ये संपादनाचं काम केलं. 1996 ला भाजपमध्ये गेले. 1998 ते 2004 वाजपेयींच्या पंतप्रधान कार्यालयात होते, भाषणांच्या कामात. पुढं अडवाणींचे जवळचे सल्लागार. लाल बावट्यापासून भगव्यापर्यंतचा हा प्रवास. माणसाचे विचार बदलतात, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. मला दुसरंच दिसतं.

जून 2005 मध्ये अडवाणी कराचीला जिनांच्या कबरीवर गेले आणि जिनांबद्दल चांगलं बोलले. त्या शब्दांमागं कुलकर्णी आहेत असं त्या वेळी सगळ्या वर्तमानपत्रांत लिहून आलं. वादळ उठलं. वर्ष संपता संपता अडवाणींना पक्षाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. शब्द एकाचा असो की दोघांचा, त्याची किंमत ज्याच्या तोंडातून तो बाहेर पडला त्याने भरली. लिहिणाऱ्याला त्यापुढंही काम होतं. 2009 च्या निवडणुकीत ते अडवाणींच्या प्रचाराच्या कामात होतेच.

आता दुसरी तारीख बघा. 12 ऑक्टोबर 2015. तोवर कुलकर्णी पक्षाबाहेर पडले होते. पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री कसुरी यांच्या पुस्तकाचं प्रकाशन त्यांनी मुंबईत ठेवलं. या वेळी कुणासाठी लिहिणं नव्हतं, स्वतःच्या नावाने उभं राहणं होतं. शिवसैनिकांनी त्यांच्या तोंडाला काळं फासलं. आयुष्यभर शाईवर जगलेल्या माणसाच्या तोंडाला शाई. आणि तो माणूस ते काळं तोंड घेऊन तसाच पत्रकारांपुढं बसला. कार्यक्रम केला.

त्यांचं राजकारण माझं नाही, कधी होणार नाही. तोंडाला काळं फासणं हेही आपलं काम नव्हे. आपल्या लोकांची तोंडं या देशात किती वेळा काळी केली ते आपल्याला माहीत आहे. पण खरं सांगायचं तर त्या सगळ्या कारकिर्दीतला तो एक दिवस मला पटतो. त्या दिवशी शब्द आणि तोंड एकाच माणसाचं होतं. शब्दाला मोल येतं ते तेव्हा. त्याआधी असतो तो फक्त दर.

आणि दर आता उघड लागतो. प्रशांत किशोर यांचंच बघा. 2014 ला मोदींच्या प्रचारात. 2015 ला बिहारात मोदींच्या विरोधात नितीशकुमारांसाठी. 2017 ला पंजाबात आणि उत्तर प्रदेशात काँग्रेससाठी. 2019 ला आंध्रात जगन रेड्डींसाठी. 2021 ला बंगालमध्ये ममतांसाठी आणि तमिळनाडूत स्टॅलिनसाठी. जे तोंड येईल त्याला माप घेऊन शब्द शिवायचे. मग 2 ऑक्टोबर 2024 ला त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, जनसुराज. नोव्हेंबर 2025 ला बिहारच्या निवडणुकीत त्या पक्षाची एकही जागा आली नाही. दुसऱ्यांची सरकारं बसवणाऱ्याला स्वतःच्या नावावर एक आमदार बसवता आला नाही. ह्यात हसण्यासारखं आहे, आणि शिकण्यासारखंही. लोकांमध्ये वर्षानुवर्षं राहून जे कमवावं लागतं ते सल्ल्याने मिळत नाही.

महाराष्ट्रातही हेच. 2024 च्या विधानसभेला अजित पवारांच्या पक्षाने नरेश अरोरांची ‘डिझाईनबॉक्स्ड’ ही कंपनी लावली. तेव्हा अख्ख्या प्रचाराला गुलाबी रंग आला. जाकीट गुलाबी, फलक गुलाबी. बायाबापड्यांना कुठला रंग जवळचा वाटतो हे मोजून काढायचं. मला विचारायचंय, कंपनीने गिरणीतल्या बाईला विचारलं का, बाई तुझ्या पायाच्या शिरा कुठल्या रंगाच्या झाल्यात?

‘‘पण ह्यात आपलं काय गेलं? सगळे पक्ष करतात, करू देत,’’ असं कुणी म्हणेल. थांबा.

जुन्या गावगाड्यात बोलण्याचीसुद्धा वाटणी होती. पाटलाने बोलायचं. कुलकर्ण्याने दप्तरात लिहायचं. हे मी पदाबद्दल बोलतोय, कुणाच्या आडनावावरून माणूस तोलत नाही. आणि महाराने काय करायचं? सांगावा घेऊन धावायचं. दवंडी द्यायची, चावडीवर माणसं बोलवायची, मयतीची खबर ऊन-पावसात गावोगाव पोचवायची. शब्द दुसऱ्याचा, पाय आपले. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 ला मुंबई कौन्सिलात बिल आणलं. लढून लढून शेवटी 1958 च्या कायद्याने ते वतन गेलं. बाबासाहेब ते बघायला नव्हते.

मित्रांनो, ते वतन परत येतंय. या वेळी पगारी. पुण्या-मुंबईची कंपनी मजकूर लिहिते आणि आपल्या वस्तीतली पोरं रिचार्जच्या पैशावर तो मजकूर मोबाईलवरून गावभर धाडतात. काठी आणि घोंगडी गेली, हातात मोबाईल आला. सांगावा दुसऱ्याचाच. आणि माझ्यासारखा एखादा, ज्याला अक्षर जरा बरं जमतं, तो सांगावा गोड करून देतो, आपल्या लोकांच्या गळी उतरेल असा. त्याला वाटतं आपण लेखक झालो.

राखीव जागेत तर हे दुप्पट लागतं. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे कराराने जागा आपल्याला मिळाल्या, पण आपला माणूस आपल्या एकट्याच्या मतांनी निवडून यायचं बंद झालं. त्याला दुसऱ्यांची मर्जी लागते. बरोबर 50 वर्षांनी, 24 सप्टेंबर 1982 ला, कांशीराम यांनी ‘चमचा युग’ लिहून हेच मांडलं. करार त्याच्या मतावर पहारा ठेवतो. आता त्याच्या भाषणावर पहारा ठेवायला कंपनी आली. आपला उमेदवार जयभीम आपल्याच सुरात म्हणतो, बाबासाहेबांचा फोटो मोठा लावतो, माझ्यासारख्याकडून महाडचं वर्णन घेतो, डोळ्यात पाणी आणतो. फक्त मसणवाट काढून टाकतो. कारण महाड 1927 चं आहे, त्याने आज कुणी दुखावत नाही. मसणवाट आजची आहे.

हे नीट ध्यानात घ्या. भाषण लिहून देणाऱ्याचं खरं काम लिहिणं नसतंच. खोडणं असतं. काय बोलायचं नाही हे ठरवण्याचे पैसे असतात.

आता बाबासाहेबांकडं चला. 1936. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलं. भाषण आधी मागवलं, वाचलं आणि घाबरले. वेदशास्त्रांवरचा हल्ला काढा, हिंदू म्हणून हे शेवटचं भाषण असल्याची गोष्ट काढा. मंडळी वाईट नव्हती, सुधारकच होती. त्यांचंही म्हणणं हेच, की लोक दुखावतील. आमच्या हायवेवरच्या पोराचंच म्हणणं. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा हलवायला नकार दिला. अधिवेशन रद्द झालं. अध्यक्षपद गेलं, व्यासपीठ गेलं. त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं, 1500 प्रती. दोन महिन्यांत संपल्या. न झालेलं ते भाषण आज जगभर वाचतात. अधिवेशन झालं असतं, भाषण पॉझिटिव्ह झालं असतं, तर आज ते कुणी शोधायलाही गेलं नसतं.

बाबासाहेबांना स्वल्पविराम हलवता आला नाही. मी 3000 रुपयांत अख्खा परिच्छेद हलवला.

आता एक प्रामाणिक हरकत येईल, आणि ती आली पाहिजे. कुणी म्हणेल, दुसऱ्यासाठी लिहिणं हे नेहमी पापच का? 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ निघालं तेव्हा संपादक म्हणून नाव होतं पांडुरंग नंदराम भटकरांचं. लिहीत होते बाबासाहेब. ते तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते. अमेरिकेत 28 ऑगस्ट 1963 ला मार्टिन ल्यूथर किंगने लाखोंच्या सभेत जे भाषण केलं त्याचा सुरुवातीचा मसुदा क्लॅरन्स जोन्स या त्यांच्या सहकाऱ्याने केला होता. मग ते काय विकाऊ?

नाही. फरक साधा आहे. भटकरांनी नाव दिलं ते चळवळीला, कुणा गिऱ्हाईकाला नाही. जोन्स किंगचा वकील होता, त्याच लढ्यातला. शब्द चुकला असता तर दोघांनाही त्याच समाजात तोंड दाखवायचं होतं. आणि भाषणाच्या मध्येच किंगने कागद बाजूला ठेवला आणि मनातलं बोलायला लागला. ते स्वप्नाचं बोलणं लिहिलेल्या कागदात नव्हतं. तुमचा भाडोत्री वक्ता कागद बाजूला ठेवू शकतो का? ठेवला तर त्याच्याकडं काय उरतं?

आपल्या घरातही ह्यावरून भांडण झालंय. 1972 ला पँथर निघाली. 1973 ला जाहीरनामा आला, आणि तो नेमका कुणाच्या विचाराने लिहिला, आपल्या की कम्युनिस्टांच्या, यावरून ढाले आणि ढसाळ यांचं वाजलं. 1974 ला पँथर फुटली. त्या भांडणात कोण बरोबर ह्यावर अजून चहाच्या टपरीवर रात्र जाते. ती फूट वाईटच झाली. पण एक बघा, तेव्हा आपली माणसं ‘हे शब्द कुणाचे’ या प्रश्नावर जीव तोडून भांडत होती. आज तो प्रश्न कुणी विचारतच नाही. टाळी वाजवतो आणि घरी जातो.

आणि वामनदादा कर्डक. मोठेपणी अक्षर शिकलेला माणूस. आयुष्यभर गावोगाव फिरून भीमगीतं गायला. कुठल्या कंपनीने त्यांना सांगितलं होतं कुठलं कडवं ठेवा आणि कुठलं काढा? आमच्या आईला बाबासाहेब कळले ते अशा गाण्यांतून. ती वाचत नाही. म्हणून तिच्या कानावर जे पडतं ते खरं असलं पाहिजे. तिच्या कानाशी मी बेइमानी केली.

तेव्हा माझं म्हणणं तीन वाक्यांत सांगतो. ज्याला लिहिता येतं त्याने चळवळीसाठी लिहावं, दुसऱ्याच्या तोंडासाठीही लिहावं, पण ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना आधी वाचून दाखवावं. त्यांचा परिच्छेद कापायला कुणी सांगितलं तर कागद घेऊन उठून यावं, पैसे टेबलावर ठेवून. आणि वस्तीत कुणी भाषण ठोकलं की टाळीच्या आधी हात वर करून विचारावं, ‘साहेब, छान बोललात, आता मसणवाटीचं बोला.’

कायदा आपल्या बाजूने आहे, हे पोरांनी पाठ करून ठेवावं. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 ला दुरुस्ती झाली, ती 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. आपल्या माणसाला स्मशानभूमी वापरायला अडवणं, सार्वजनिक रस्त्याने जायला अडवणं हा त्यात गुन्हा आहे. हे कुठल्याच पुढाऱ्याच्या भाषणात येत नाही. लिहून देणारा ते आधीच खोडतो.

पुढाऱ्याला शेवटी तिकीट मिळालं नाहीच. पुण्याचा पोरगा दुसऱ्या तालुक्यात गेला, दुसऱ्या पुढाऱ्याकडं. मी रिंग फ्रेमवर आहे. तीन भाषणांचे 9000 रुपये खर्चून गेले, ते परत करता येत नाहीत. पण कापलेला परिच्छेद परत करता येतो. तो माझ्याकडं आहे. इथं छापतो, जसाच्या तसा, फुकट:

‘आमच्या वस्तीत माणूस मेला की पहिला प्रश्न असतो, पाऊस हाय का? मसणवाटीकडं जायची वहिवाटीची वाट एका बांधाजवळनं जाते. बांधाचा मालक आपण जिवंत असताना रामराम घेतो आणि मेल्यावर वाट अडवतो. तीन अर्ज दिले, तिन्हींची पोच आहे, वाट नाही. मागच्या श्रावणात एका मयताला ओढ्यातनं न्यावं लागलं, कमरेएवढ्या पाण्यातनं. तिरडी खांद्यावर ठेवता आली नाही, डोक्याच्या वर हातांनी धरली. मी या स्टेजवरून शब्द देतो. पुढची मयत वाटेनं जाईल, आणि आडवा येणाऱ्याच्या पुढं मी पहिला उभा राहीन.’

तो मयत माझा बाप होता.

शेवटचं वाक्य मी दुसऱ्याच्या तोंडासाठी लिहिलं होतं, तेव्हा सहज लिहून गेलो. पेन अडलं नाही. आता माझ्या सहीने छापायचं म्हटल्यावर दोन दिवस हात चालत नव्हता. बांधाचा मालक कोण, ठेकेदार त्याचा कोण लागतो, माझी हजेरी कुणाच्या हातात, सगळं डोळ्यापुढं आलं. शब्द स्वतःचा असला की असं होतं. भाड्याच्या जिभेला भीती वाटत नाही, कारण तिला काही करायचं नसतं.

वाक्य ठेवलंय. पाऊस लागायच्या आधी तिन्ही पोच पावत्या घेऊन तहसीलवर जायचं आहे. भाषण नाही, कागद घेऊन. आई येणार आहे. ज्याला यायचं त्याने यावं.

जयभीम.